कादंबऱ्यांची आणेवारी

माझ्या कादंबरीला किन्हीराजा गावानं चौदा आणे दिले, तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं होतं. हे आणे खिशात घालायचे नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, मास्तरला कोणी बिदागी दिली. मास्तरला बिदागी देणारं गाव अजून वसायचं आहे. हे आणे म्हणजे गुण होते, सोळापैकी चौदा. आणि त्या गुणांवर माझं सगळं ठरायचं होतं. गावाला आवडली तर कादंबरी पुण्याच्या प्रकाशकाकडे पाठवायची, नाही आवडली तर वह्या पेटीच्या तळाशी घालून पुन्हा कधी लेखणी हातात धरायची नाही. असा पण मी मनाशी केला होता. वय पंचवीस होतं, आणि त्या वयात माणूस पण फार करतो.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची तीन-चार वर्षं मी किन्हीराजाच्या शाळेत दुय्यम मास्तर होतो. जन्म वाशीमचा, वडील कोर्टात कारकून. आमच्या घरी शेत म्हणजे ज्यावरून भाऊ भाऊ भांडतात आणि ज्याचे नकाशे फायलीत असतात ती वस्तू. तूर झाडाला लागते की वेलाला, हेसुद्धा मला नोकरी लागल्यावर कळलं. कादंबऱ्या मात्र मी लहानपणापासून अधाशासारख्या वाचत होतो. त्यातही दोनच जातींच्या, ऐतिहासिक आणि अद्भुत. सामाजिक कादंबरीत माणसं चहा पितात आणि उसासे टाकतात, तेवढं मला घरी फुकट बघायला मिळे.

वाशीमच्या एका वाचनालयाचे ग्रंथपाल वडिलांच्या बैठकीतले. त्यांच्याशी मी एक सौदा केला. नव्या कादंबऱ्या आल्या की त्यांनी पाच-सहा पुस्तकं पत्र्याच्या पेटीत घालून मोटारीनं मालेगावपर्यंत पाठवायची, तिथून बाजाराला गेलेल्या कोणाच्या तरी दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, पेटी माझ्याकडे यायची. मी ती गावाला वाचून दाखवायची. बदल्यात त्यांना प्रत्येक पुस्तकावर गावाचा अभिप्राय हवा होता, म्हणजे पुढची खरेदी त्या बेतानं करता येईल. पहिल्याच पोस्टकार्डात त्यांनी बजावलं होतं : "अभिप्राय आकड्यात कळवावा. 'बरी आहे' असे लिहू नये."

आणि गाव नेमकं तेवढंच म्हणे.

उन्हाळ्यात शेतं मोकळी झाली की दुपारी शाळेच्या ओसरीवर वाचन चाले, एरवी फक्त रविवारी. वीस-पंचवीस माणसं जमत, पण बोलणारी तिघं. एक आमचे पटवारी, अंगानं किडकिडीत आणि आवाजानं पाटील. दुसरे चाचा. त्यांचं कापडाचं दुकान होतं, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि कादंबरीतला बादशहा बोलायला लागला की ते कान टवकारत. तिसरी मावशी. नवऱ्याच्या मागे सोळा एकर वावर तिनं एकटीनं सांभाळलं होतं, आणि गावातले बैल तिला माणसांपेक्षा जास्त घाबरत. ती सुपात तूर घेऊन यायची आणि खडे निवडत ऐकायची. मी सगळ्या गावासारखं तिला मावशीच म्हणे.

पहिली कादंबरी संपली. मी विचारलं, "कशी वाटली?"

"बरी हाये," सगळे म्हणाले.

"किती बरी?"

"चांगली बरी हाये."

मी म्हटलं, शंभरातले किती मार्क द्याल? त्यावर मावशीनं सुपातून मान वर केली. "काहून बाप्पा? आमी काय चवथीत बसलो?"

तोडगा पटवाऱ्यांनी काढला. "मास्तर, मार्क-बिर्क सोडा. आनेवारी करा ना."

ज्याला शेतीतलं कळत नाही अशा माझ्यासारख्यासाठी सांगतो. पीक उभं असताना सरकारी माणूस येऊन अंदाज बांधतो, त्याला आणेवारी म्हणतात. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे, निम्मं म्हणजे आठ, आणि चारावर आलं तर साल बुडालं. सबंध गावाला ही मोजणी तोंडपाठ. एक खडा टाकला आणि तळं हललं तसं झालं. जो तो बोलायला लागला. शेवटचं पान मिटलं की पटवारी उठून उभे राहत, सगळ्यांकडे एकदा नजर फिरवत, चाचांशी आणि मावशीशी कुजबुजत, आणि तहसिलातल्या साहेबाच्या थाटात आकडा पुकारत. मी तो चिठ्ठीवर लिहून वाशीमला धाडे.

आता त्या आकड्यांची गंमत ऐका. एका ऐतिहासिक कादंबरीत ऐन आषाढात चाळीस हजारांची फौज जड तोफा घेऊन आमच्याच वऱ्हाडातून कूच करते. मी मोठ्या तालात ते प्रकरण वाचत होतो. मावशीनं सूप खाली ठेवलं.

"आखाडात?"

"हो. आषाढ शुद्ध पंचमीला."

"ह्या काया मातीच्या चिखलातून?"

"तसं लिहिलं आहे."

"त्या लेखकाले म्हना, एक रिकामी दमनी घे अन् आखाडात मालेगावले जाऊन दाखव. तोफ राहू दे." ओसरी हसून हसून आडवी झाली. पुढचं सगळं पुस्तक लोकांनी जांभया देत ऐकलं. आणि आणेवारी? बारा आणे!

मी चिठ्ठीवर बारा लिहिले आणि मनात म्हटलं, मनानं मोठी आहेत माणसं.

मग एक अद्भुत कादंबरी आली. तिच्यात एका राजपुत्राला असं अंजन मिळतं, की ते डोळ्यात घातलं की तो कोणाला दिसत नाही. तिच्यावरून आठवडाभर गावात भांडणं चालली होती. पटवाऱ्यांचं म्हणणं, न दिसणाऱ्या माणसावर कुत्री भुंकलीच पाहिजेत, त्यांना वास येतो. चाचांचं म्हणणं, "अरे भाई, जादू हाये ते! कुत्र्याले बी लागू पडते." विहिरीवर बायका बोलत, अंजन आपल्याला मिळालं तर आधी कोणाच्या घरात शिरायचं. पोरं डोळ्यांत काजळ फासून वर्गाच्या दारातून पळून जायला लागली, आणि पकडली की म्हणत, "मास्तर, आमी तुमाले दिसतो काय?" इतकं वेड लावलेल्या त्या पुस्तकाला आणे मिळाले पाच.

तिसरी एक होती. तिच्यात वेढा पडलेल्या गडावरची राणी आपला म्हातारा घोडा स्वतः सोडून देते, आणि तो रात्रभर दाराशी येऊन उभा राहतो. ते पान मला वाचवेना. चाचा चष्मा शोधायच्या निमित्तानं पाठ करून बसले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता. मावशीनं पदरानं डोळे पुसले आणि तुरीला शिव्या दिल्या. मग पटवारी उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "चार आने."

मी तडकलो. माझा स्वभाव तापट, हे माझ्या विद्यार्थ्यांनी कबूल केलं असतं. मी म्हटलं, "अहो, डोळ्यांतून पाणी काढलंत आणि चार आणे? तोफा चिखलात घालणाऱ्याला बारा?"

"हो," मावशी शांतपणे म्हणाली. "चारच लिवा."

दगडाच्या काळजाची माणसं, असं म्हणत मी चार लिहिले.

वाशीमहून ग्रंथपालांची कार्डं नेमानं येत. बारा आणेवाली कादंबरी ताबडतोब परत पाठवावी, शहरातल्या वाचकांना द्यायची आहे, त्याच लेखकाच्या आणखी दोन मागवल्या आहेत. पाच आणेवालीची घाई नाही, इकडे जागेची अडचण, ती तिकडेच राहू द्यावी. असं करता करता माझ्या वर्गातल्या कपाटात चार आणे आणि पाच आणेवाल्यांची रांग लागली, आणि वाशीमच्या सभ्य वाचकांना चिखलातल्या तोफा एकामागून एक वाचाव्या लागल्या. त्या सगळ्यांची मी इथे उशिरा का होईना, माफी मागतो.

या सगळ्या काळात मी स्वतः लिहीत होतो. दोन पावसाळे घालून तीन वह्या भरल्या. ऐतिहासिक आणि अद्भुत दोन्ही एकात, म्हणजे कोणी नाराज व्हायला नको. एक गड, गडाखाली भुयार, भुयारात मंतरलेली तलवार, आणि वरच्या सज्जात सात वर्षं नवऱ्याची वाट बघणारी राणी. तिच्या डोळ्यांचं वर्णन तेवढं साडेतीन पानं होतं. माझं लग्न व्हायचं होतं.

गावाला मी सांगितलं, पुण्याच्या एका नव्या लेखकाची आहे, छापायच्या आधीची प्रत माझ्याकडे आली आहे. चैत्रात पाच दुपारी वाचली. कोणी भांडलं नाही, कोणी हसलं नाही. मावशीची सगळी तूर निवडून झाली. शेवटी पटवारी उठले. त्यांनी चाचांकडे पाहिलं, चाचांनी मावशीकडे, मावशीनं वर आढ्याकडे.

"चौदा आने," पटवारी म्हणाले.

बाराच्या वर गाव आजवर कधी गेलं नव्हतं. मी घरी आलो, दार लावलं आणि एकटाच नाचलो. पुण्याच्या प्रकाशकाला पत्र लिहिलं. त्यात "ग्रामीण श्रोत्यांनी एकमुखाने उचलून धरलेली" असं एक वाक्य होतं, ते मला अजून पाठ आहे. बुधवारी मालेगावला जाणाऱ्या माणसाबरोबर वह्या द्यायच्या ठरवल्या.

मंगळवारी मधल्या सुट्टीत मावशी शाळेत आली. "मास्तर, येत्या आइतवारी थे अंजनवाली वाचा ना पुन्हा."

"मावशी, दोनदा झाली ती वाचून. पाच आण्यांची कादंबरी तिसऱ्यांदा? त्यापेक्षा परवाची चौदा आणेवाली पुन्हा ऐका."

मावशी माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली, ती थांबेचना.

"मास्तर, तुमी खरंच वाशीमचे हा! मले सांगा, तहसिलातला साहेब बांधावर आला अन् इचारलं का पीक कसं हाये, त कोनी चौदा आने सांगते काय?"

"मग काय सांगतात?"

"चार सांगतो, लय झालं त पाच. चांगलं हाये म्हनलं का संपलं, सरकारचा हात आलाच वावरात. अन् तुमचा कागद बी वाशीमलेच जाते ना? आमाले पयल्या खेपेलेच समजलं. बारा म्हनलं का पुस्तक गेलं. चार म्हनलं का राह्यलं. जे आपल्याले पाह्यजे त्याची आनेवारी कमीच सांगा लागते, बाप्पा."

"आणि चौदा?"

मावशीचं हसू मावळलं. चौदा आणे मी खरे धरले होते, हे तिला कळलं असावं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "थे लवकर गेलं पाह्यजे म्हनून."

ती गेल्यावर मी कपाट उघडलं. घोडावाली कादंबरी हातात घेतली. पानांचे कोपरे बोटांनी मऊ झाले होते, मधे कुठे तेलाचा डाग, कुठे तुरीचं टरफल. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही ती घरी नेऊन, शिकल्या पोराला बसवून ऐकली होती. सगळी चार आणे, पाच आणेवाली पुस्तकं अशीच वापरून थकलेली. आणि माझ्या वह्या टेबलावर कोऱ्या करकरीत, एका कोपऱ्याला घडी नाही. मला त्या क्षणी रडू आलं, हे लपवून उपयोग नाही.

वह्या मालेगावला गेल्या नाहीत. चार दिवस मी गावावर रुसलो, आणि त्याचा सूड वर्गावर उगवला. पोरांकडून एकोणतीसचा पाढा उलटा म्हणवून घेतला. पण मनाशी केलेला पण आठवत होता, आणि लेखणी टाकवत नव्हती. रविवारी ओसरीवर जाऊन मी विचारलं, "त्या पुण्याच्या लेखकाला काही कळवायचं असेल तर सांगा. तो दुरुस्त करायला तयार आहे."

पटवारी गंभीरपणे म्हणाले, "पोरगा चांगला दिसते मंग." ओसरीवर एकही माणूस हसला नाही. हा पोरगा कोण, हे त्यांना पहिल्या दुपारीच कळलं होतं, आणि त्यांनी ते माझ्यापासून जपून ठेवलं होतं.

मग मात्र त्यांनी काही हातचं राखलं नाही. चाचा म्हणाले, "त्याचा सुभेदार खालीपिली ओरडते. ज्याच्या हातात हुकूमत हाये, थो हळू बोलते." पटवारी म्हणाले, भुयार शिवारात कुठे निघतं ते लिहिलेलं नाही, कोणाच्या तरी वावरात तर निघत असेल, तो काही बोलत नाही का? मावशी सगळ्यांत शेवटी बोलली.

"थे रानी सात वर्सं खिडकीत बसली. मंग तिची पेरनी कोन करे? ढोरं कोन पाहे? माहा मालक गेला तवा मले खिडकीत बसाले एक दुपार नाई भेटली. त्याले म्हना, बाईले उलसक तरी काम दे. मंग तिच्यासाठी जीव तुटन."

ते बोलणं मला आत लागलं. साडेतीन पानं डोळ्यांची मी त्याच दुपारी फाडली.

पुढचा पावसाळा, हिवाळा मी पुन्हा लिहीत बसलो. तलवार गेली. भुयाराऐवजी पेव आलं, आमच्याकडे जमिनीत धान्य साठवायला खोल खड्डा खणतात ते. राणीच्या जागी एक शेतकरीण आली, नवरा मोहिमेवर गेलेली. गावावर फौज चालून येते, सुभेदार हळू आवाजात विचारतो, पीक किती? सबंध गाव हात जोडून म्हणतं, चार आणे, सरकार. धान्य पेवात, पेवावर माती, मातीवर गोठा, आणि गोठ्यात ती बाई शांतपणे गाय दोहत बसलेली. अद्भुत म्हणून एक गाय ठेवली, ती फक्त खोटं बोलणाऱ्यालाच दूध देते.

चैत्रात वाचायला सुरुवात केली. पहिल्याच दुपारी पटवारी ओरडले, "सुभेदार गोठ्यात चालला! थांबवा त्याले कोनी!" तिसऱ्या दुपारी चाचा आणि पटवारी गायीवरून एकमेकांशी अबोला धरून बसले. चौथ्या दुपारी ओसरी पुरेना, माणसं निंबाखाली उभी राहिली. मावशी सूप घेऊन आली होती, पण तिनं एक खडा निवडला नाही. बाईचा नवरा परत येतो आणि तिचे हात हातात घेऊन बघतो, ते हात ओळखू येत नाहीत इतके कामानं राठ झालेले, तिथे मावशी उठली आणि निंबाआड जाऊन उभी राहिली.

मी वही मिटली. पटवाऱ्यांना उठायला वेळ लागला. उठल्यावर त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही, कोणाशी कुजबुजले नाहीत.

"चार आने," ते म्हणाले, आणि त्यांचा तो पाटलासारखा आवाज फाटला.

आयुष्यात मला पुढे एक-दोन मानपत्रं मिळाली, शाल मिळाली, निवृत्तीच्या दिवशी हार मिळाला. त्या दुपारच्या आनंदाची सर कशालाच आली नाही.

चिठ्ठी मी नेहमीसारखी वाशीमला पाठवली, आणि त्यात भीत भीत लिहिलं, की कादंबरी माझी आहे आणि पुण्याला पाठवायचा विचार आहे. ग्रंथपालांचं उलट टपाली कार्ड आलं : "चार आणे मिळालेल्या कादंबरीस प्रकाशक मिळणे कठीण. मित्रत्वाचा सल्ला असा की, ती तिकडेच राहू द्यावी."

तिकडेच राहिली. वर्षभरानं माझी वाशीमला बदली झाली. सामान बांधताना कपाटातल्या वह्यांकडे हात गेला, तर दारात उभे असलेले पटवारी म्हणाले, "काय मास्तर, चार आन्याचं पीक कोनी घेऊन जाते काय?" मी हात मागे घेतला. पुढे लढाई आली, कागद मिळेनासा झाला, पुण्याच्या प्रकाशकाचं उत्तर कधी आलं नाही, कारण मी पत्रच टाकलं नाही. पुठ्ठ्यावरचं सोनेरी नाव राहून गेलं. त्याची हळहळ वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल, आणि खोट्यावर दूध देणारी ती गाय मी बाळगलेली नाही.

बऱ्याच वर्षांनी वाशीमच्या बाजारात मावशीचा मुलगा भेटला. मावशी गेल्याचं त्यानंच सांगितलं. मग जरा संकोचून म्हणाला, "मास्तर, तुमच्या वह्या आता पार फाटून राह्यल्या. वाचता वाचता पानं हातात येते. एक नवी नकल करून देता काय?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अजून चारच आणे आहेत का रे तिला?"

"नाई," तो म्हणाला. "माय जाच्या आदी एक डाव पुन्हा वाचून घेतली तिनं. तीन करून गेली."

मी तिथूनच कागदाच्या दुकानात गेलो आणि चार जाड वह्या घेतल्या.